वीर्यापासून रक्तवाहिनीपर्यंत

चरकसंहितेतल्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय रसायनाचा, दुसरा वाजीकरणाचा आणि तिसरा ज्वराचा आहे. ज्या काळात साध्या तापाने घरंच्या घरं रिकामी होत, त्या काळात ग्रंथकर्त्याने पुरुषाच्या कामशक्तीला तापाच्या आधी जागा दिली. आयुर्वेदाच्या आठ अंगांतही वाजीकरण हे स्वतंत्र अंग आहे. लिंगाला ताठरता न येणं किंवा आलेली न टिकणं ही तक्रार चोरून सांगण्याची असते, असं त्या वैद्यांना वाटत नव्हतं. पोटदुखी विचारावी तशी ते ती विचारत, तिचे प्रकार पाडत आणि उपाय सांगत.

प्रकार पाडण्यात तर ते फारच बारकाईने शिरले होते. चरकाने क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, चार प्रकार सांगितले. बीज बिघडल्यामुळे येणारं, इंद्रियालाच इजा किंवा रोग झाल्याने येणारं, म्हातारपणाने येणारं आणि शुक्र क्षीण झाल्याने येणारं. सुश्रुताच्या यादीत मानसिक क्लैब्य पहिल्याच क्रमांकावर आहे. मन नाराज असेल, जोडीदाराबद्दल अप्रीती असेल तर शरीर साथ देत नाही, हे त्याने स्वच्छ नोंदवलं. आणि चरक म्हणतो की मनाजोगती, आनंद देणारी स्त्री हेच सर्वांत श्रेष्ठ वाजीकरण. आज समुपदेशकाच्या खोलीत बसून जे शिकवावं लागतं, त्याचं बीज इथे आहे.

उपाय मात्र एकाच धाग्याचे. दूध, तूप, मध, खडीसाखर, उडीद, खाजकुइलीचं बी, शतावरी, अश्वगंधा, पक्ष्यांची अंडी, मांसरस. सगळा भर शुक्रधातू वाढवण्यावर. अन्नापासून रस, रसापासून रक्त, असं करत सातवा धातू शुक्र तयार होतो. तो भरपूर असला की सामर्थ्य येतं आणि आटला की जातं, अशी ती मांडणी. सुश्रुतसंहितेत बोकडाच्या वृषणांसह उकळलेल्या दुधाचाही पाठ आहे. हा बोकड लक्षात ठेवायला हवा, कारण तो पुढे अमेरिकेत भेटणार आहे.

वाजीकरणाच्या यादीतली एक वनस्पती मुंबईकरांच्या अगदी दारात उगवते. पहिला पाऊस पडला की वसई, पालघर, कर्जतकडून येणाऱ्या आदिवासी बाया लोकलच्या स्टेशनांबाहेर हिरव्या लांब पात्यांच्या जुड्या घेऊन बसतात. ती फोडशी, कुणी तिला कुलू म्हणतं. बारीक चिरून, कांदा आणि भिजवलेली डाळ घालून परतायची. तिच्या मुळांचा झुबका सोलून वाळवला की ती पांढरी मुसळी. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर संतापाव आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1950च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद केली तेव्हा बोरिवलीवरून तिला ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’ हे नाव दिलं. मुसळी पौष्टिक आहे, भाजी तर चवदारच आहे. पण डब्यावर घोडा छापून तिच्याबद्दल जे दावे केले जातात, त्यांना पुरेल असा माणसांवरच्या चाचण्यांचा पुरावा नाही.

शुक्र म्हणजेच शक्ती ही समजूत एकट्या भारताची नव्हती. अठराव्या शतकात स्विस डॉक्टर तिसो याने हस्तमैथुनाने शरीर खंगतं असा ग्रंथ लिहिला आणि युरोप घाबरला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधला लालमां हा वीर्यनाशाला स्वतंत्र रोग मानून मूत्रमार्गात सिल्व्हर नायट्रेटचा डाग देत असे. किती तरुणांनी हा छळ सोसला असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. आपल्याकडे हीच भीती ‘धातू जाणे’ या रूपात घट्ट रुजली. 1960 साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी तिला ‘धात सिंड्रोम’ म्हटलं. थकवा, उदासी, धडधड आणि नपुंसकत्वाची धास्ती हे सगळं लघवीवाटे धातू जातो या एका समजुतीभोवती गोळा होतं. आजार धातूचा नसतो, भीतीचा असतो. पण मनामुळेही ताठरता जाते, हे सुश्रुताला ठाऊक होतंच.

या भीतीशी मराठीत एकटा माणूस 26 वर्षं झगडला. र. धों. कर्व्यांनी 1927च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि वाचकांच्या कामजीवनाविषयीच्या प्रश्नांना नाव-गाव न छापता सरळ उत्तरं दिली. हस्तमैथुनाने कुणी नामर्द होत नाही, हे त्यांनी निक्षून सांगितलं. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. लैंगिक विषयावर लोकांनी प्रश्न विचारले आणि जाणकाराने उत्तरं दिली, तर त्यात अश्लील ते काय, हा युक्तिवाद कोर्टाने मानला नाही आणि कर्व्यांना दंड झाला. या मागोव्यात मला सर्वांत मोठं नुकसान कुठे दिसत असेल, तर ते इथे. ज्याने खरं सांगितलं तो कोर्टात उभा राहिला आणि ज्यांनी भीती विकली त्यांच्या जाहिरातींनी रेल्वेच्या भिंती रंगल्या.

त्या भिंती, जत्रेतले तंबू, एस.टी. स्टँडमागचे ‘खानदानी’ दवाखाने आणि वाळवंटातल्या सांडा नावाच्या सरड्याची चरबी वितळवून काढलेलं तेल, हा बाजार कायद्याला माहीत नव्हता असं नाही. 1954 साली औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा झाला. ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायची नाही त्यांच्या परिशिष्टात नपुंसकत्व आहे, आणि कामसुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करायलाही वेगळी बंदी आहे. हमदर्द दवाखान्याने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. 1959च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने काही कलमं मोघम म्हणून रद्द केली, पण अशा जाहिरातींना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण मिळणार नाही हे ठरवलं. सांडा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आला. तरीही भिंती रंगत राहिल्या, कारण रोगी डॉक्टरकडे जायला लाजत होता आणि डॉक्टर विचारायला.

आता बोकडाकडे, पण वाट पॅरिसवरून जाते. 1 जून 1889 रोजी पॅरिसमध्ये शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार हा नामांकित शरीरशास्त्रज्ञ शास्त्रज्ञांच्या सभेत उभा राहिला. वय 72. कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क त्याने स्वतःला टोचून घेतला होता. आपण कसे तरुण झालो, हे तो मोजमापासह सांगत होता. हाताच्या पकडीचा जोर यंत्रावर मोजलेला, जिना चढण्याचा दम, आणि लघवीची धार किती लांब जाते तेसुद्धा. सभेतल्या वयस्क मंडळींनी कान टवकारून ऐकलं असणार. थोड्याच दिवसांत असे अर्क युरोप-अमेरिकेत धडाक्याने विकले जाऊ लागले. 2002 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच्याच पद्धतीने अर्क बनवून तपासला. त्यात टेस्टोस्टेरॉन इतकं नगण्य निघालं की त्याचा शरीरावर काही परिणाम होणं शक्यच नव्हतं. ब्राउन-सेकार लबाड नव्हता. त्याला जे जाणवलं ते विश्वासाने जाणवलं.

व्हिएन्नात श्टाइनाख याने वीर्यवाहिनी बांधून तारुण्य परत येतं असं सांगितलं. सिग्मंड फ्रॉइडने 1923 साली आणि कवी येट्सने 1934 साली ही शस्त्रक्रिया करून घेतली. पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ 1920पासून माकडाच्या वृषणांच्या चकत्या धनिकांच्या शरीरात बसवत होता. आणि अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, मिलफर्ड नावाच्या लहानशा गावी, जॉन ब्रिंकली हा बोकडाच्या वृषणांचे तुकडे पुरुषांच्या अंडकोशात शिवत होता. एका शस्त्रक्रियेचे 750 डॉलर. त्याने स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं आणि घरबसल्या श्रोत्यांना आपलीच औषधं सांगू लागला. 1930 साली त्याचा वैद्यकीय परवाना गेला. 1942मध्ये तो दिवाळखोर होऊन मेला. त्याच्या टेबलावर आणि नंतर किती जण दगावले, याचा विचार करताना सुश्रुताचं ते दूध फारच निरुपद्रवी वाटतं.

वृषणांत खरोखर काही आहे हे मात्र खोटं नव्हतं. 1935 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर याच्या गटाने बैलांच्या 100 किलो वृषणांतून 10 मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य वेगळं केलं आणि त्याला टेस्टोस्टेरॉन म्हटलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. 1939चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं. ज्याच्या शरीरात हे संप्रेरक खरंच कमी आहे, त्याला त्याने फायदा होतो. पण ताठरतेची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं टेस्टोस्टेरॉन ठीकठाक असतं. हजारो वर्षं ज्या जागी इलाज शोधला, त्या जागी तो बहुतेकांसाठी नव्हता.

खरी खूण फार आधी सापडली होती. लिओनार्दो दा विंचीने फाशी दिलेल्यांच्या देहांवरून नोंदवलं होतं की ताठरलेल्या लिंगात वारा नसतो, रक्त असतं. सतराव्या शतकात डेल्फ्टच्या रेनिए द ग्राफने मृतदेहाच्या धमनीत पाणी भरून ताठरता आणून दाखवली. ही इतकी साधी, इतकी निर्णायक गोष्ट. तिचा धागा पुढे जवळजवळ तीनशे वर्षं उपचारात कुणी नीट धरला नाही.

तो धरला एका टायरवाल्याने. अमेरिकेतल्या जॉर्जियाचा गेडिंग्ज ऑस्बन टायरच्या धंद्यात होता आणि त्याला स्वतःलाच ही अडचण होती. 1960च्या दशकात त्याने नळकांडं आणि पंप जोडून निर्वाताने रक्त ओढायचं आणि मुळाशी रबरी कडं घालून ते धरून ठेवायचं, असं साधन बनवलं आणि वर्षानुवर्षं स्वतः वापरलं. 1982 साली त्याला अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. आजही गोळी न चालणाऱ्यांसाठी हे साधन उपयोगी पडतं. दिसायला अवघडल्यासारखं, पण प्रामाणिक.

शल्यचिकित्सकांनी दुसरी वाट धरली. 1936 साली रशियाच्या बोगोराझ याने रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा आत बसवली; ती विरघळून गेली. 1973मध्ये ह्यूस्टनचे ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवं तेव्हा द्रव भरून फुगवता येणारं रोपण आणलं. ते आजही उत्तम मानलं जातं, आणि तितकंच महाग आहे. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी बनवलेलं भारतीय रोपण त्या मानाने स्वस्त. दोन अर्धलवचीक सिलिकॉनच्या कांड्या, जाडी जुळवण्यासाठी वर काढता-घालता येणारी आवरणं. मधुमेहाने किंवा अपघाताने सगळे मार्ग बंद झालेल्या ज्या पुरुषाला परदेशी यंत्र परवडत नाही, त्याच्यासाठी हे काम झालं, याचं मोल मी फार मानतो.

स्कॉट यांचं रोपण आलं त्या वेळी मानसशास्त्राचा जोर होता. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी 1970च्या ग्रंथात बहुतांश नपुंसकत्व मनातून येतं असं सांगितलं आणि जोडप्यांना संभोगाची घाई बाजूला ठेवून नुसत्या स्पर्शाचे टप्पे शिकवले. प्रमाणाबद्दल त्यांचा अंदाज चुकला, पण पद्धत टिकली. ठरवून झालेल्या लग्नात पहिल्या रात्री घाबरून गेलेला नवरा आणि महिनोन्‌महिने काहीच न घडलेलं लग्न, हे आपल्याकडच्या तज्ज्ञांना नेहमी भेटणारं दुखणं. तिथे औषधाइतकीच ही सबुरी लागते. मुंबईत केईएममध्ये डॉ. प्रकाश कोठारींनी लैंगिक वैद्यकाचा विभाग चालवला, डॉ. विठ्ठल प्रभूंनी ‘निरामय कामजीवन’ मराठी घरांत पोचवलं. कर्व्यांचं अर्धवट राहिलेलं काम असं पुढे गेलं.

मग 1982 साली पॅरिसच्या रोनाल्ड व्हिराग याने कळवलं की पॅपाव्हरीन लिंगाच्या पोकळीत टोचलं की ताठरता येते. पुढच्याच वर्षी लास व्हेगासमध्ये मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली संध्याकाळच्या व्याख्यानाला सैलसर ट्रॅकसूट घालून आला. वय पन्नाशीच्या पुढे. आपल्याच इंद्रियाच्या स्लाइड दाखवून झाल्यावर त्याने सांगितलं की इथे येण्याआधी हॉटेलच्या खोलीत मी इंजेक्शन घेतलं आहे. पडद्यावरचं खरं की खोटं ही शंका राहू नये म्हणून त्याने विजार खाली केली आणि सभागृहात उतरून परिणाम तपासायला दिला. पुढच्या रांगांतल्या बायका किंचाळल्या, असं तिथे हजर असलेल्यांनी पुढे लिहिलं. त्या संध्याकाळी वाद मिटला. ना कामोत्तेजक दृश्य, ना इच्छा, ना शुक्रधातू. स्नायू सैल करणारं एक औषध आणि आत शिरलेलं रक्त. ब्रिंडलीच्या धाडसाला हसण्याची पद्धत आहे. मला त्यात ब्राउन-सेकारच्या चुकीची दुरुस्ती दिसते. दोघांनीही स्वतःवर प्रयोग केला, पण ब्रिंडलीने इतरांना तपासू दिलं.

बाकीचा उलगडा रसायनशास्त्राने केला. इच्छा जागी झाली की तिथल्या मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, त्यातून तयार होणारं एक द्रव्य रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतं, रक्त भरतं. पीडीई-5 नावाचं विकर ते द्रव्य मोडून टाकतं आणि रक्त ओसरतं. इंग्लंडच्या केंट परगण्यात सँडविच इथल्या फायझरच्या प्रयोगशाळेत हे विकर अडवणारं एक संयुग छातीतल्या कळांसाठी तपासलं जात होतं. छातीसाठी ते बेताचंच निघालं. पण 1990च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्समधल्या मर्थर टिडफिल या जुन्या खाणगावात निरोगी स्वयंसेवकांनी इतर दुष्परिणामांबरोबर ताठरता येणं हाही एक सांगितला. तेच सिल्डेनाफिल. 27 मार्च 1998 रोजी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल नायट्रिक ऑक्साइडच्या कामासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

त्या वर्षी छापलेल्या मोठ्या चाचणीतले दोन आकडे मला या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटतात. गोळी घेतलेल्यांचे 69 टक्के प्रयत्न यशस्वी झाले. आणि नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांचे 22 टक्के. पाचातला एक प्रयत्न निव्वळ विश्वासावर जमतो. तंबूतल्या वैद्याचं, माकडाच्या चकतीचं, सांड्याच्या तेलाचं भांडवल ते हेच. ज्याला गुण आला तो गावभर सांगतो, ज्याला आला नाही तो लाजेने गप्प बसतो.

भारतात ही गोळी स्वस्त झाली ती पेटंट कायद्यामुळे. 1970च्या कायद्याने औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत असे आणि हे 2005पर्यंत चाललं. त्यामुळे 2001पासून भारतीय कंपन्यांची सिल्डेनाफिलं दुकानांत आली, मूळ व्हायग्रा इथे पोचण्याच्या कितीतरी आधी. पुढे 36 तासांपर्यंत परिणाम टिकणारं टाडालाफिल आलं. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते प्रत्येक गल्लीला माहीत आहे. त्याहून गंभीर म्हणजे ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या कॅप्सुलांत अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हा पुन्हा सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलं आहे. जडीबुटीच्या विश्वासाने घेणाऱ्या हृदयरोग्याच्या जिवाशी हा खेळ आहे.

कारण हा मागोवा शेवटी हृदयाशीच येऊन पोचतो. लिंगाच्या धमन्या साधारण 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4 मिलिमीटरच्या. धमन्यांत चरबी साचायला लागली की बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ताठरतेची तक्रार छातीत कळ येण्याच्या अनेकदा दोन-तीन वर्षं आधी सुरू होते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, वाढलेलं पोट, यांची पहिली हाक इथूनच येते. इटलीतल्या, 2004 साली छापलेल्या एका अभ्यासात लठ्ठ पुरुषांनी दोन वर्षं आहार आणि व्यायाम सांभाळला, तेव्हा त्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची ताठरता औषधाविना परत आली. ‘मर्दानी ताकद’ म्हणून बाटलीत जे विकलं जातं, ते इतक्या जणांना आहार आणि व्यायामातून मिळालं.

आणि घरातल्या बाईबद्दल एक शब्द. आपल्याकडे मूल नाही म्हणून तपासण्या तिच्या, नवस तिचे, बोल तिला. कित्येकदा नवऱ्याची ही अडचण तिला एकटीलाच ठाऊक असते आणि ती वर्षानुवर्षं तोंड मिटून राहते. तिला डॉक्टरकडे बरोबर घेऊन जा. उपचार दोघांचा असतो.

ही तक्रार काही महिने टिकली असेल, तर दुकानदाराकडे किंवा भिंतीवरच्या नंबराकडे जाऊ नका. आपल्या नेहमीच्या डॉक्टरला स्पष्ट सांगा आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. चालू असलेली सगळी औषधं दाखवा. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो, पण त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. हृदयासाठी नायट्रेटची गोळी, जिभेखालची गोळी किंवा स्प्रे चालू असेल, तर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल अजिबात घ्यायचं नाही. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा कोसळतो. आणि ही गोळी घेतल्यावर कधी छातीत दुखून रुग्णालयात जावं लागलं, तर कोणती गोळी किती वाजता घेतली ते दारातच सांगा. सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट देता येत नाही.